चिऊच्या गणिताची वाट

पनवेल

चि. सोनूस,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला आणि मग बराच वेळ झोप आली नाही. काळजीने नव्हे, तुझी चिऊ सहावीत पोचली आणि तिच्या बीजगणिताची चर्चा सुरू झाली याचंच नवल वाटत राहिलं. फोनवर सांगितलं असतं, पण तू गाडीत असतेस, मध्येच दुसरा फोन येतो, आणि माझं अर्धं बोलणं राहून जातं. म्हणून जुन्या सवयीने कागदावर लिहिते आहे. फोटो काढून पाठवते. सावकाश वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा थंडीत दुखत होता, आता उन्हं तापल्यावर बरा आहे. संध्याकाळी वडाळे तलावावर एक फेरी मारतात. आई पापडांच्या मागे लागली आहे. दहावीच्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळे आमच्या इमारतीत सध्या कोणी मोठ्याने टीव्ही लावत नाही. उलव्याचं विमानतळ सुरू झालं, आणि गच्चीवर गेलं की विमानं खाली उतरताना दिसतात. बाबा रोज म्हणतात, आता सोनू इथेच उतरणार.

आता तुझा प्रश्न. आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. शाळेने तुमच्यापुढे तीन वाटा ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे नेहमीच्या गतीने जाऊन नववीत अल्जिब्रा. तू मधली घे. सातवी आणि आठवी या दोन्ही इयत्तांचं गणित सातवीच्या एका वर्षात, आणि आठवीत अल्जिब्रा वन. चिऊला ही वाट झेपेल असं मला वाटतं. पण उन्हाळ्यात परीक्षा देऊन सातवीतच अल्जिब्रात बसवायची जी तिसरी वाट आहे, ती नको. तुमच्या ग्रुपमधल्या बाकीच्या आया काय करतात ते त्यांना करू दे.

तू लिहिलंस की हा निर्णय चुकला तर पुढची सगळी शिडीच चुकेल. तुझी घालमेल मला कळते, कारण आपल्याकडे अशी शिडीच नाही. आपल्या स्टेट बोर्डात नववी-दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही शेजारी शेजारी चालतात, आणि सगळ्या वर्गासाठी तीच पुस्तकं असतात. तुमच्याकडे अमेरिकेत एक वर्ष अल्जिब्रा, मग एक वर्ष नुसती जॉमेट्री, मग पुन्हा अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. एकेक पायरी एकेका वर्षाची. त्यामुळे पहिली पायरी कोणत्या इयत्तेत चढलात यावर शेवटची कधी येणार हे ठरतं, आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या आईला वाटायला लागतं की आत्ताच सगळा निकाल लागणार. पण शांतपणे बोटांवर मोजून बघ. आठवीत अल्जिब्रा घेतलं तर बारावीत कॅल्क्युलस येतं. तू स्वतः लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह अकरावीत पहिल्यांदा पाहिलंस आणि इंटिग्रेशन बारावीत. तुझ्याबरोबरची जी मुलं आयआयटीत गेली तीही तेव्हाच शिकली. म्हणजे मधल्या वाटेने चिऊ तिच्या आईच्या मागे राहत नाही. तिसऱ्या वाटेने ती अकरावीतच कॅल्क्युलस संपवेल, आणि मग बारावीत काय? शाळेकडे पुढचा विषय आहे का, की तिला कम्युनिटी कॉलेजात धाडावं लागणार? हे शाळेला नक्की विचार. पुष्कळ आईवडील पहिल्या वर्षाची चौकशी करतात, शेवटच्या वर्षाची करत नाहीत.

आणि तुमच्या कॅलिफोर्नियातच बीजगणित कधी शिकवावं याचा लंबक किती वेळा हलला आहे ते तुला माहीत असेलच. १९९७ च्या सुमारास राज्याने नवीन अभ्यासक्रम ठरवला आणि आठवीत सगळ्यांनीच बीजगणित करावं असा आग्रह सुरू झाला. तयारी नसलेली पुष्कळ मुलं आठवीत बसवली गेली आणि नववीत त्यांना तोच विषय पुन्हा करावा लागला. मग उलट टोक. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ साली आठवीतलं बीजगणित काढूनच टाकलं. हेतू चांगला होता, गरीब घरातली मुलं मागच्या वर्गात अडकून पडू नयेत हा. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर पैसे भरून मुलांना तेच शिकवलं. दहा वर्षं आईवडील भांडले, आणि २०२४ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने ते आठवीत परत आणायचं ठरवलं. मला यातून एवढंच दिसतं की सगळ्या मुलांसाठी एकच योग्य इयत्ता कोणालाच सापडलेली नाही. म्हणून मंडळ काय म्हणतं आणि शेजारीण काय म्हणते यापेक्षा चिऊकडे बघ.

चिऊकडे बघ म्हणजे काय बघ, ते सांगते. मार्क बघू नकोस. ती हुशार आहे हे मला ठाऊक आहे, व्हिडिओवर मी तिला घातलेली गणितं ती माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सोडवते. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. दिवाळीत तिला मी एक जरा वाकडं गणित घातलं होतं, आठवतं? तिला पटकन जमेना, तशी ती हसली, म्हणाली, "आजी, हे बोअरिंग आहे," आणि उठून गेली. बोअरिंग नव्हतं गं ते. ती अडली होती, आणि अडणं तिच्या सवयीचं नाही. आजवर सगळं लगेच आलं आणि लगेच येण्याचंच कौतुक झालं, त्यामुळे अडलं की आपण हुशार नाही असं तिला वाटतं. अशा मुलीला दोन इयत्ता वर उचलून ठेवलंस तर ती पहिल्यांदा अडेल ती मोठ्या मुलांच्या वर्गात, जिथे ती सर्वांत लहान असेल आणि विचारायला लाजेल.

तू स्वतः कशी होतीस ते सांगू? तू नववीत असताना वर्तुळावरचा एक रायडर, म्हणजे सिद्ध करायचं गणित, तुला सुटत नव्हता. जेवताना तेच, झोपताना तेच. वर्तमानपत्राच्या कडांवर आकृत्या काढायचीस. मी उत्तर सांगायला लागले की कानांवर हात ठेवायचीस. शेवटी एके दिवशी सकाळी दात घासता घासता ओरडलीस, "आत्या, केंद्र जोडायचं राहिलं होतं!" तुझे बाबा घाबरून धावत आले होते. त्या वर्षी तुझे मार्क काही पहिले नव्हते, पण तू गणित करणार हे मला त्या दिवशी कळलं. चिऊत ते आहे. फक्त तिला अजून अडायला मिळालेलं नाही.

म्हणून जॉमेट्रीबद्दल आत्ताच बजावून ठेवते. दोन वर्षांनी तुझ्या ग्रुपमधलं कोणीतरी म्हणेल, उन्हाळ्यात सहा आठवड्यांत ऑनलाइन जॉमेट्री उरकून टाका, एक वर्ष वाचेल. ऐकू नकोस. बाकी एखादा विषय सुट्टीत उरकला तर मी फार बोलणार नाही, पण सिद्धता अशी उरकत नाही. आकृतीकडे बघत बसावं लागतं, चुकीची रेघ काढून खोडावी लागते, आणि "हे मला दिसतंय" आणि "हे मी सिद्ध केलंय" यांतला फरक मुलाला आतून कळायला वेळ लागतो. एवढी वर्षं शिकवून मी खात्रीने सांगते, शाळेच्या सगळ्या गणितात मुलाला विचार करायला लावणारा विषय हाच.

आता थोडं गणिताचंच बोलते. मधल्या वाटेच्या कॉम्प्रेस्ड वर्गात नेमकं काय दाबलं जातं ते शाळेकडून लिहून घे. बहुधा सातवीचं गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, ऋण संख्यांच्या बेरजा-गुणाकार, आणि आठवीचे आलेख, चढ, साधी समीकरणं. पालकांना वाटतं गुणोत्तर आणि शेकडेवारी सोपी, ती भरभर झाली तरी चालेल. उलट आहे, सोनू. दहावीला जी मुलं बीजगणितात नापास होतात म्हणून माझ्याकडे यायची, त्यांना बीजगणित अडत नसायचं. अपूर्णांक अडायचे. समीकरण बरोबर मांडायची आणि छेद काढताना कोसळायची. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, पार औटकीपर्यंत तोंडपाठ होत्या, आणि पायली-शेराच्या हिशेबात रोज त्या वापरायला लागत, म्हणून साडेतीनाचा पाढा म्हणजे काय हे तिला डोळ्यांपुढे दिसायचं. आपल्या मुलांना ते दिसत नाही, त्यांना नियम आठवतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक सातवीतला मुलगा आहे, गोड पोर. त्याला आईवडिलांनी जेईईच्या फाउंडेशन बॅचला घातलं आहे. शाळा सुटली की दप्तर टाकून क्लासला पळतो, रात्री साडेआठला येतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने घेऊ नये, पण इथे सातवीच्या बॅचा भरताना मला दिसतातच. तर तो एकदा वर आला होता. वर्गसमीकरणाचं सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं. मी त्याला विचारलं, तीन किलो साखरेची पाव-पाव किलोची पाकिटं किती होतील? लगेच म्हणाला, बारा. मग मी कागदावर लिहिलं, ३ भागिले १/४. म्हणाला, "उलटा करून गुणायचं, बारा." मी विचारलं, "मग ही दोन्ही गणितं एकच आहेत का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला ती दोन वेगळी वाटत होती. ज्या पोराला इतकं पुढचं येतं त्याला हे कोणी थांबून विचारलंच नव्हतं, त्यात त्याचा काय दोष? आता रविवारी सकाळी येतो, आम्ही दोघं पोहे खातो आणि अपूर्णांकांच्या गोष्टी रचतो.

चिऊलाही असंच विचार. पाऊण भागिले अर्धा, याची तुझ्या मनाने एक गोष्ट सांग म्हणावं. शंभर रुपयांची, नाहीतर तुमच्या डॉलरची, वस्तू वीस टक्के महाग झाली, मग वीस टक्के स्वस्त झाली, तर पुन्हा शंभरच का? नाही, शहाण्णव, पण का, ते तिने सांगायला हवं. ऋण गुणिले ऋण धन का, हे तिला नियम न सांगता पटवता येतं का? आणि एक मोठ्यांनाही फसवणारं दे. एका कॉलेजात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९८० च्या आसपास इंजिनियरिंगच्या मुलांना हे विचारलं होतं, आणि कितीतरी जणांनी सहा गुणिले विद्यार्थी बरोबर प्राध्यापक असं उलटं लिहिलं. कॅल्क्युलसच्या वर्गात बसणारी मुलं होती ती. अक्षर कशासाठी उभं आहे ते कळण्याआधी हात चालायला लागला की असं होतं. चिऊने उलटं लिहिलं तर रागावू नकोस, हसूही नकोस. पाच प्राध्यापक धरून आकडे घालून बघ म्हणावं, आणि मग तिची तिला चूक सापडते का ते बघ. तिला ती सापडली, आणि सापडल्यावर मजा वाटली, तर निर्धास्तपणे मधल्या वाटेचा फॉर्म भर. अपूर्णांक डळमळीत निघाले तर मात्र पहिली वाटही वाईट नाही. नववीत अल्जिब्रा घेऊन पुढे गणितात नाव काढलेली माणसं तुमच्या देशात कमी नसतील.

तू म्हणशील, आत्या मुलीला मागे खेचते आहे. तसं नाही गं. ज्या मुलाला खरंच पुढचं हवं आहे त्याला अडवून ठेवणं हाही अन्यायच. भाताचं रोप कोवळं असताना उपटून लावलं तर चिखलात आडवं होतं, पण जून होऊ दिलं तर त्याला फारसे फुटवे येत नाहीत. आपल्या पनवेलच्या शेतकऱ्याला ते बघून कळतं, तारखेवरून नाही. गणितज्ञ टेरेन्स ताओ दहा वर्षांचा असताना, १९८६ साली, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये पदक घेऊन आला. पहिल्या वर्षी कांस्य, दुसऱ्या वर्षी रौप्य, तिसऱ्या वर्षी सुवर्ण. त्याच्या आईवडिलांनी त्याला एकदम सगळ्याच विषयांत वर ढकललं नव्हतं. गणितात मोठ्यांच्या वर्गात आणि बाकीच्या विषयांत त्याच्या त्याच्या गतीने, असं हळूहळू नेलं. आणि तो स्वतः मागत होता. चिऊ मागते आहे का? की तू आणि मी बोलतो आहोत? तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये तिला काय वाटतं याची एक ओळही नाही.

आणखी एक गोष्ट मला तुझ्या मनावर ठसवायची आहे. मुलीला आव्हान हवं असेल तर पुढच्या इयत्तेचं पुस्तक हा एकच उपाय नाही. पनवेलहून सीएसएमटीला जाताना वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द लागतं. तिथलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुला आठवत असेल. आपल्या देशाच्या गणित ऑलिम्पियाडचं काम तिथून चालतं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत भरलं होतं, जगभरातली पोरं आली होती. त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात कॅल्क्युलस नाहीच. संख्या, भूमिती, मोजण्याच्या युक्त्या, असमानता, एवढ्यावर जगातली सगळ्यात अवघड शालेय गणितं उभी राहतात. म्हणजे कॅल्क्युलसपर्यंत लवकर पोचणं आणि गणितात तरबेज होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या आणि गणितशिक्षकांच्या दोन मोठ्या संस्थांनीही २०१२ साली एकत्र निवेदन काढून साधारण हेच सांगितलं होतं, की बारावीपर्यंत कसंही करून कॅल्क्युलस गाठणं हे शाळेच्या गणिताचं ध्येय असू नये, पाया पक्का होणं हे असावं.

मग चिऊला काय द्यायचं? हे दे. १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या उचलायच्या. त्यांत दोन तरी अशा निघतातच की ज्यांना १ सोडून दुसरा समान विभाजक नसतो. का? गणितज्ञ पॉल एर्डिशने हाच प्रश्न लायोश पोशा नावाच्या एका हंगेरियन मुलाला विचारला होता. तो मुलगा बाराचाही नव्हता, जेवायला बसला होता, सूप पीत होता. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, दोन संख्या शेजारच्या असणारच. बस, संपलं. यात बीजगणित लागत नाही, इयत्ता लागत नाही. चिऊला उत्तर सांगू नकोस, महिनाभर लागला तरी चालेल. आणि हे सुटलं की आपल्या कापरेकरांचा खेळ दे. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. चार आकडी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि हेच पुन्हा पुन्हा. ३५२४ घे. ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४, आणि तिथून पुढे हलत नाही. कुठूनही सुरुवात कर, फार तर सात पावलांत ६१७४. हे त्यांनी १९४९ साली मांडलं. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही, पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं. चिऊला विचार, तीन आकड्यांचं काय होतं? तिचं तिने वहीत शोधून काढावं.

आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं भुंग्यांचं गणित मी तिला पुढच्या रविवारी घालणार आहे. थव्यातले एक पंचमांश भुंगे एका झाडावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्यावर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. एकूण किती? ११५० सालचं पुस्तक, आणि उदाहरण एका मुलीलाच उद्देशून घातलेलं. क्ष न वापरता नुसत्या अपूर्णांकांनी तिने ते सोडवलं, तर तिला अल्जिब्रात बसवायला माझी काहीच हरकत नाही. तू आधी सांगू नकोस.

सोनू, वेळ निघून जाईल ही भीती तू मनातून काढ. मंगलाताई नारळीकर तुला आठवतात ना, त्यांची गणितगप्पा मी तुला वाढदिवसाला दिली होती. १९६४ साली एम.ए.ला सुवर्णपदक, मग लग्न, केंब्रिज, मुली, घर. पीएच.डी. झाली १९८१ साली, वय अडतीस. विषय कोणता, तर संख्या सिद्धांत. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी झटल्या, २०२३ साली गेल्या तोपर्यंत गणितच करत होत्या. त्यांची मध्ये इतकी वर्षं गेली म्हणून गणित त्यांच्या हातून सुटलं नाही. आणि आपण अकरा वर्षांच्या मुलीचं एक वर्ष वाचवायला धडपडतो.

शाळेत भेटायला जाल तेव्हा मार्कांबद्दल कमी बोला. ऑक्टोबरपर्यंत झेपलं नाही तर परत साध्या वर्गात येता येतं का, आणि येणाऱ्या मुलाला ते कमीपणाचं वाटणार नाही याची शाळा काय काळजी घेते, हे विचारा. शिकवणारं कोण आहे ते विचारा. चांगला मास्तर पहिल्या वाटेवर असेल तर मी डोळे झाकून पहिली वाट घेईन, इतकं मी मास्तरला महत्त्व देते. गृहपाठ रात्री किती वाजेपर्यंत चालतो तेही एखाद्या मोठ्या मुलीच्या आईला विचार. चिऊचं पेटी वाजवणं बंद पडता कामा नये, आणि नऊ तासांची झोप कमी होता कामा नये. हे मी आजी म्हणून सांगते, मास्तरीण म्हणून नव्हे. बरं, मास्तरीण म्हणूनही सांगते. झोपाळू पोर वर्गात काही शिकत नाही.

आणि तिच्यासमोर तिच्या वेगाचं कौतुक करणं बंद कर. जावईबापूंनाही सांग, त्यांना सवय आहे फोनवर "पाच मिनिटांत केलं आमच्या चिऊने" म्हणायची. त्याऐवजी तिने कुठे विचार बदलला, कुठे खोडलं, ते विचारा. "कसं सुचलं गं?" एवढंच विचारत जा. वर्षभरात फरक दिसेल.

आई म्हणते आहे, पापड पाठवायचे का विचार. आणि चिऊला मेथीचे लाडू आवडत नाहीत हे खरं का? मोहोर यंदा चांगला आहे, मे महिन्यात याल तर आंबे भरपूर मिळतील. येताना चिऊची गणिताची वही आण, मोबाइलमधली नको, खरी कागदाची.

फॉर्मची शेवटची तारीख जवळ आहे म्हणालीस. त्याआधी दोन गोष्टी कर. शाळेतल्या मीटिंगला चिऊला बरोबर ने आणि तिचं ऐकून घे. आणि तिच्या अपूर्णांकांच्या वहीची चार-पाच पानं, खाडाखोडीसकट, मला फोटो काढून पाठव. मी बघते आणि लगेच कळवते.

तुझी,
आत्या